प्रार्थनाकीटकाची कात
(केंद्रशाळेतील शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवरील पटनोंदणी, वाचनचाचण्या व पोषण आहाराच्या नोंदवह्या हे तीन विषय होऊन गेले आहेत, आणि आपण सर्व काहीसे थकलेले आहात हे मला येथून दिसते आहे. माझा विषय लहान आहे. अक्षरशः बोटाएवढा आहे. परिसर अभ्यासाच्या निमित्ताने आपल्यापैकी काही शाळांनी वर्गात प्रार्थनाकीटक पाळला आहे. ही गोष्ट मला फार आवडली. परंतु शाळाभेटींत एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडली, ती अशी की, हे कीटक उपाशी राहून क्वचितच मरतात. ते मरतात कात टाकताना, आणि तेही बहुधा आपण ठेवलेल्या एखाद्या गैरसोयीमुळे, किंवा आपण केलेल्या मदतीमुळे. याच एका प्रसंगाविषयी आज मी बोलणार आहे.

प्रथम ओळख पटवून घेऊ. पुष्कळ शाळांत बरणीवरील चिठ्ठीवर ‘नाकतोडा’ असे लिहिलेले असते. ते बरोबर नव्हे. नाकतोडा गवत व पाने खातो आणि मागच्या दणकट पायांनी उडी घेतो. प्रार्थनाकीटक शुद्ध मांसाहारी आहे, आणि त्याची ताकद पुढच्या काटेरी पायांत आहे. ते पाय दुमडून तो स्तब्ध बसतो, तेव्हा हात जोडल्यासारखे दिसतात, म्हणून हे नाव. कोठे कोठे त्याला खंडोबाचा किडा असेही म्हणतात. आपल्या गावी जे नाव चालते तेही मुलांकडून विचारून घेऊन चिठ्ठीवर अवश्य लिहावे. लिनीयसने १७५८ साली या कीटकाच्या एका जातीला शास्त्रीय नाव दिले, त्यातील ‘मँटिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ भविष्य सांगणारा असा आहे. जगात याच्या सुमारे २,४०० जाती ज्ञात आहेत. हिरवा, वाळक्या पानासारखा, झाडाच्या सालीसारखा, फुलासारखा अशा नाना रूपांत तो आढळतो. त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो, व आपण कोणत्याही बाजूला गेलो तरी तो ठिपका आपल्याकडेच वळल्यासारखा भासतो. मुलांना वाटते, तो आपल्याकडे टक लावून पाहतो. वास्तविक तो ठिपका म्हणजे बुबुळ नव्हे. संयुक्त नेत्रातील ज्या नळ्यांची तोंडे नेमकी आपल्याकडे असतात, त्या आपल्याकडचा प्रकाश शोषून घेतात, म्हणून तेवढाच भाग काळा दिसतो. हे पाचवीच्या मुलांना कळते. मी पाहिले आहे.

आता कात. आपली हाडे आत असतात व ती शरीराबरोबर वाढतात. कीटकाचे हाड म्हणजे त्याचे बाहेरचे कवचच. ते कायटीन व प्रथिने यांचे असते, कठीण असते आणि एकदा कठीण झाले की वाढत नाही. मग वाढायचे कसे? आतल्या आत नवे, मऊ, घड्या पडलेले कवच तयार करायचे, जुन्याचा आतला थर एका द्रवाने विरघळवून त्यातील उपयोगी अंश परत शोषून घ्यायचा, आणि उरलेले पातळ टरफल फोडून बाहेर यायचे. यास शास्त्रात निर्मोचन म्हणतात. ही क्रिया सुरू करणाऱ्या एक्डायसोन या संप्रेरकाचे स्फटिक १९५४ साली बूटेनांट व कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी मिळविले. त्यासाठी त्यांना ५०० किलोग्रॅम रेशीमकोष-किड्यांची गरज पडली, आणि हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम. सातवीच्या वर्गात मिलिग्रॅम शिकविताना हे उदाहरण सांगून पाहावे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपल्या भिंतींवर फुलपाखराचा तक्ता टांगलेला असतो: अंडे, अळी, कोष, फुलपाखरू. त्यामुळे सर्वच कीटकांचे असेच असते असा मुलांचा ग्रह होतो, आणि मग प्रार्थनाकीटक कोषात केव्हा जाणार असे ती विचारीत राहतात. तो कोषात जातच नाही. त्याचे पिल्लू जन्मतःच लहानशा प्रार्थनाकीटकासारखे दिसते. फक्त पंख नसतात. सहा ते नऊ वेळा कात टाकून ते प्रौढ होते, मादीला बहुधा नराहून अधिक वेळा कात टाकावी लागते, आणि शेवटच्या कातीबरोबर पंख येतात. पंख आले की पुन्हा कात नाही. फुलपाखराच्या तक्त्याशेजारी हा दुसरा तक्ता मुलांकडूनच काढून घेऊन टांगावा.

गणिताच्या शिक्षकांसाठीही या किड्याजवळ काही आहे. व्हिएन्ना येथील जीवशास्त्रज्ञ हान्स प्शिब्राम व त्यांचे सहकारी मेगुशार यांनी १९१२ साली प्रार्थनाकीटकाच्या एका जातीची वाढ मोजून असे मांडले की, प्रत्येक कातीला वजन सुमारे दुप्पट होते आणि लांबी सुमारे १.२६ पट होते. हा १.२६ आला कोठून? तो दोनाचे घनमूळ आहे. म्हणजे तीन कातींत लांबी दुप्पट. एक सेंटिमीटरचे पिल्लू आठ कातींनंतर सव्वासहा सेंटिमीटरांच्या आसपास पोचावे. सर्व कीटकांना हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, हे पुढे दिसून आले. पण आपल्या बरणीतल्या किड्याला तो कितपत लागू पडतो, हे मुलांनी स्वतःच मोजावे. टाकलेल्या काती जपून ठेवाव्यात आणि त्यांतील पुढच्या पायाचा काटेरी भाग पट्टीने मोजावा. पोटाची कात चुरगळते, तिची मोजणी विश्वसनीय नसते.

कात जवळ आली हे कसे ओळखावे? पहिली खूण म्हणजे तो खाणे सोडतो. काल माशीवर झडप घालणारा कीटक आज माशी अंगावरून गेली तरी पाय आखडून घेतो. लहान पिल्लू एक-दोन दिवस, मोठे आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक खात नाही. अशा वेळी मुले चिंतातुर होऊन एकामागून एक किडे बरणीत टाकीत राहतात, आणि घात होतो तो येथेच. दुसरी खूण रंग निस्तेज होण्याची. तिसरी, तो छताला उलटा लटकून तासन्‌तास हालत नाही. शेवटच्या कातीपूर्वी पाठीवरील पंखांच्या कळ्या फुगून येतात. ती खूण सर्वांत स्पष्ट. दोन कातींमधील अंतर लहानपणी एक-दोन आठवडे व पुढे दोन ते चार आठवडे असते. जात, अन्न व हवा यांप्रमाणे ते कमीजास्त होते.

या खुणा दिसताच करावयाचे पहिले काम: बरणीतील सर्व जिवंत भक्ष्य बाहेर काढावे. रातकिडा वा झुरळ आत राहिले तर ते कात टाकणाऱ्या मऊ, असहाय किड्याला कुरतडते. एरवी जो खाणारा, तो त्या अर्ध्या तासात खाद्य होतो.

दुसरे काम घराचे. खरे म्हणजे ते पहिल्या दिवशीच व्हावयास पाहिजे. कीटक उलटा लटकून, डोके खाली करून कातीतून घसरत बाहेर येतो. वजन त्याला खाली ओढते आणि तेच त्याचे साहाय्य. म्हणून दोन गोष्टी अत्यावश्यक आहेत: पायांची नखे रुतवावयास खरबरीत छत, आणि त्याखाली मोकळी जागा. किड्याच्या लांबीच्या तिप्पट उंची व दुप्पट रुंदी असावी, हे सोपे प्रमाण लक्षात ठेवावे. सात सेंटिमीटरांच्या किड्याला एकवीस सेंटिमीटर उंची लागेल. लोणच्याची छोटी बरणी चालणार नाही. किराणा दुकानातील गोळ्यांची मोठी बरणी घ्यावी, तिचे गुळगुळीत झाकण फेकून द्यावे आणि तोंडावर मच्छरदाणीचे कापड ताणून दोरीने बांधावे. फांदी आडवी-तिडवी अशी ठेवू नये की, लटकलेल्या किड्याचे डोके तिला लागेल. त्याहूनही सोयीची वस्तू प्रत्येक घरात असते: ताटावर झाकण्याची कापडी जाळी. फ्रान्समधील प्रसिद्ध कीटकनिरीक्षक जाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांनी आपले प्रार्थनाकीटक याच प्रकारच्या, अन्नावर माश्या बसू नयेत म्हणून वापरावयाच्या जाळीच्या झाकणाखाली, वाळूच्या परातीवर ठेवले होते. फाब्र आयुष्याच्या आरंभी प्राथमिक शिक्षक होते, हे आपणांस सांगावयास मला आनंद होतो. त्यांच्याजवळही प्रयोगशाळेची निधी-तरतूद नव्हती.

तिसरी गोष्ट ओल. हवा फार कोरडी असेल तर जुने कवच अंगाला चिकटून राहते. श्रावण-भाद्रपदात याची चिंता नसते. आपल्याकडे अडचण येते ती पाऊस सरल्यावर, आश्विनात. त्याच सुमारास पुष्कळ पिल्ले शेवटच्या व सर्वांत अवघड कातीला येतात. तेव्हा बरणीच्या तळाशी ओली वाळू किंवा भिजवलेले खापर ठेवावे आणि दिवसातून एकदा कापडावर व भिंतीवर ओल्या बोटांनी पाणी शिंपडावे. किडा ते थेंब पितोही. मात्र तळाशी पाणी साचू देऊ नये, कापडाऐवजी प्लास्टिक बांधून हवा कोंडू नये, आणि प्रत्यक्ष कात पडत असताना अंगावर पाणी उडवू नये. कोकणातून बदलून आलेले शिक्षक येथे बसलेले आहेत; त्यांना बुरशीचा अनुभव असेल. बरणी उन्हात ठेवू नये, पंख्याच्या झोतातही ठेवू नये.

आता प्रत्यक्ष घटना. पुष्कळदा ती रात्री किंवा पहाटे घडते, म्हणून मुलांना ती दिसेलच असे नाही. कीटक हवा गिळतो, अंग फुगवतो आणि शरीरातील द्रवाचा दाब वाढवितो. डोक्यामागे, छातीच्या पाठीवर कात उभी उलते. प्रथम छाती व डोके बाहेर येते, मग मिशांचे केसासारखे धागे आणि लांब पाय एकेक करून, हातमोज्यातून बोटे काढावीत तसे सुटतात. एका क्षणी तो केवळ पोटाच्या टोकाने जुन्या कातीला लोंबकळत असतो. पाय मऊ, रंग फिकट, हालचाल बंद. पाहणाऱ्याला तो मेला असेच वाटते. आणि नेमक्या याच वेळी कोणीतरी बरणीला हात लावतो! तो मेलेला नाही. पाय थोडे ताठ होण्याची वाट पाहत असतो. मग तो एकदम वर उसळी घेतो, कातीला किंवा कापडाला धरतो व पोटाचे टोक सोडवितो. हे सारे वीस मिनिटे ते अर्धा-पाऊण तासात आटोपते. शेवटची कात असेल तर त्यानंतर चुरगळलेल्या कळ्यांसारखे पंख द्रव भरून हळूहळू उलगडतात. कवच पुरते कठीण होण्यास मात्र पुष्कळ तास लागतात. लहान पिल्लाला एक दिवस व मोठ्याला दोन-तीन दिवस खाण्यास देऊ नये, हातावर घेऊ नये, बरणी हालवू नये.

सकाळी मुले येतात आणि ओरडतात, “गुरुजी, बरणीत दोन झाले!” हा मी ऐकलेला उत्तम प्रश्न आहे, यद्यपि तो प्रश्नाच्या रूपात नसतो. लगेच उत्तर सांगून टाकू नये. एक हालतो, एक हालत नाही. एक मोठा, एक लहान. लहानाच्या पाठीवर चीर आहे. भिंगातून पाहिले तर चिरेच्या आत पांढरे धागे दिसतात. श्वासनलिकांचे अस्तरही कातीबरोबर बाहेर येते, त्याचे ते धागे. एवढे हाती दिल्यावर तिसरीतला मुलगाही कोडे सोडवितो.

सर्वच काती सुखरूप पडत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. किडा मध्येच खाली पडला तर मऊ अंग जमिनीवर दबून वाकडे होते. अशा वेळी थोडक्या मिनिटांत एक उपाय करता येतो: किड्याला नव्हे, तर जुन्या कातीच्या सुटलेल्या भागाला चिमट्याने धरावे आणि कापडाला टाचणीने किंवा दोऱ्याने असे अडकवावे की, किडा पुन्हा डोके खाली करून लोंबेल. कधी तो वाचतो, कधी नाही. एखाद्या पायाला कात चिकटून राहिली तर बरणीतील ओल वाढवावी, रंगाचा मऊ कुंचला कोमट पाण्यात बुडवून तेवढाच भाग ओला करावा व थांबावे. ओढू नये. नवे कवच त्या वेळी ओल्या कागदासारखे असते; ओढले तर काताऐवजी पायच हातात येतो. पिल्लाचा मधला किंवा मागचा पाय गेला तर पुढच्या कातींत तो लहानसा पुन्हा फुटतो. प्रौढाला ती सोय नाही. पुढचे दोन्ही पाय वाकडे झाले तर त्याला शिकार करता येत नाही. मारलेल्या माशीचा तुकडा काडीवर ठेवून तोंडाशी नेला तर तो खातो, आणि मुले हे काम आठवडेच्या आठवडे निष्ठेने करतात.

एका शाळेत मागे असे घडले. चौथीच्या एका मुलीने दीड महिना तो कीटक सांभाळला होता. दिवाळीच्या सुट्टीआधी सकाळी तिने त्याला अर्धा बाहेर आलेला, लोंबणारा असा पाहिला. त्याला त्रास होत आहे असे समजून तिने कात धरून ओढली. तो तासाभरात मेला. वर्गशिक्षकांनी, ती दुखावू नये म्हणून, मधल्या सुट्टीत तो टाकून दिला आणि वर्गाला सांगितले की, किडा उडून गेला. पंख न आलेला किडा उडून कसा जाईल, हे त्या मुलीला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. दीड महिन्याची निरीक्षणवही तिनेच लिहिली होती. त्यानंतर तिने वही आणणे बंद केले. मी भेटीस गेलो तेव्हा शिक्षकांनीच मला हे सांगितले आणि विचारले, आता काय करावे? मी म्हणालो, जे घडले ते सांगा, आणि का घडले तेही सांगा. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर कातीची आकृती काढली, नवे कवच किती मऊ असते हे ओला टीपकागद ओढून दाखविले, आणि काल आपण खोटे बोललो हेही वर्गासमोर सांगितले. मुलगी रडली. मग तिने विचारले, “ओढला नसता तर वाचला असता का?” शिक्षकांनी उत्तर दिले, “बहुधा.” ‘नक्की’ म्हटले असते तर मुलीवर सारा भार पडला असता, आणि ‘नाही’ म्हणणे पुन्हा खोटे झाले असते. त्या एका शब्दाबद्दल त्या शिक्षकांविषयी माझ्या मनात आदर आहे. वही पुन्हा सुरू झाली. त्या पानावर तारीख व “मी ओढली” एवढेच लिहिलेले आहे.

वह्यांविषयी बोलत आहे तर हेही सांगतो की, या नोंदी माझ्या भेटीसाठी सजवून ठेवू नयेत. सुंदर अक्षरात एका दिवशी उतरवून काढलेली महिनाभराची नोंद मला ओळखता येते.

खाद्याविषयी थोडक्यात. अगदी लहान पिल्लांना केळ्याच्या सालीवर जमणारी चिलटे, मोठ्यांना माश्या, पतंग, लहान नाकतोडे. मुंग्या टाकू नयेत. फवारणी झालेल्या शेतातील किडे मुळीच आणू नयेत. विष भक्ष्यातून शिकाऱ्याच्या पोटात जाते. एका बरणीत एकच कीटक ठेवावा. दोन ठेवल्यास एक दुसऱ्याला खातो, आणि विशेषतः कात टाकलेल्याला तर खातोच.

पंख आल्यावर आठवडाभर पाहून, जेथून आणला त्याच कुंपणावर किंवा बांधावर त्याला सोडून द्यावे. शेतातील अनेक किडे तो खातो, तसेच उपयोगी मधमाशी व फुलपाखरूही खातो. तेव्हा त्याला केवळ ‘शेतकऱ्याचा मित्र’ असे लेबल लावून मोकळे होऊ नये. बरणीतच मादीने फेसाची अंडपेटी घातली, तर तो फेस थोड्याच वेळात कठीण होतो. ती पेटी खरडून काढू नये. ज्या काडीवर असेल ती काडीच कुंपणात, जमिनीपासून हातभर उंचीवर, उन्हापावसापासून आडोसा मिळेल अशी बांधावी. पिल्ले काही आठवड्यांत निघतात किंवा काही महिन्यांनी. ते जातीवर व हवेवर अवलंबून असते. निघताना प्रत्येक पिल्लू पातळ पापुद्र्यात गुंडाळलेले असते, धाग्याने पेटीला लोंबते आणि तेथेच आपली पहिली कात टाकते. त्यासाठी पेटीखाली मोकळी जागा राहील अशी काडी बांधली आहे ना, हे पाहावे. पिल्ले निघालेली दिसली तर तारीख व त्या आठवड्यातील पाऊस फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि पुढील मेळाव्यास येताना ती नोंद बरोबर आणावी. आपल्या केंद्रातील सर्व शाळांच्या तारखा एका कागदावर मांडून पाहण्याचा माझा विचार आहे.